स्मार्ट टीव्ही रखडतोय? नवा टीव्ही घ्यायच्या आधी स्टिकचा विचार करा, आणि ती अशी निवडा

ठाण्यात नौपाड्याला माझ्या आईकडे जो टीव्ही आहे तो २०१९ च्या दिवाळीत घेतलेला, ४३ इंची, आणि त्याचं चित्र आजही एकदम छान आहे. पण गेलं वर्षभर संध्याकाळी आई सीरियल लावायला बसली की काय व्हायचं, ती ओके दाबायची, काहीच हलायचं नाही, परत दाबायची, अजून दोनदा दाबायची, आणि मग पाच-सात सेकंदांनी टीव्हीला एकदम जाग येऊन ती चारही बटणं एकामागोमाग लागू व्हायची आणि भलताच एपिसोड सुरू. आईला वाटायचं तिचंच काहीतरी चुकतंय. "अगं मला नाही जमत हे, तू आलीस की लावून देत जा," असं ती म्हणाली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण तिचं काहीच चुकत नव्हतं.

दादा लगेच म्हणाला नवा टीव्ही घेऊन टाकू. मी म्हटलं थांब जरा. टीव्हीचा पडदा दहा वर्षं सहज चालतो, म्हातारा होतो तो आतला छोटा कॉम्प्युटर. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या टीव्हीत १ जीबी किंवा दीड जीबी रॅम असते, स्टोरेज ८ जीबी, त्यातलं अर्धंअधिक सिस्टीमच खाते, आणि अ‍ॅप मात्र दर अपडेटला फुगत जातात. वर दोन-तीन वर्षांनी कंपनीकडून अपडेट यायची बंद होतात. म्हणजे पडदा ठणठणीत आणि डोकं दमलेलं, तर मग डोकंच बदलायचं ना. स्टिक म्हणजे पेनड्राइव्हसारखं छोटं यंत्र, ते टीव्हीच्या मागच्या एचडीएमआय पोर्टला लावली की टीव्हीला फक्त चित्र दाखवायचं काम उरतं, बाकी सगळं ती स्टिक करते.

पण खरेदीला निघायच्या आधी एक गोष्ट नक्की करा, रखडतोय तो टीव्ही की वायफाय हे बघून घ्या, कारण वायफायचा प्रॉब्लेम असेल तर स्टिक लावूनही चक्र फिरतच राहणार. बघायचं सोपं आहे. टीव्हीवर यूट्यूब लावा, व्हिडिओ चालू असताना सेटिंगच्या चाकात जाऊन 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' चालू करा, कोपऱ्यात आकडे येतात. त्यात कनेक्शन स्पीड आणि बफर हेल्थ बघा. बफर हेल्थ म्हणजे पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच येऊन बसलाय ते, तो आकडा चांगला भरलेला आहे आणि तरी मेन्यू अडकतोय, अ‍ॅप उघडायला अर्धा मिनिट लागतंय, मधेच अ‍ॅप बंद पडून होम स्क्रीनवर येतंय, तर दोष टीव्हीचा. मेन्यू पटापट चालतोय पण व्हिडिओ थांबतोय आणि बफर शून्याला जातोय, तर दोष वायफायचा. आईकडे बफर कायम भरलेला होता, तिथेच उत्तर मिळालं.

दुसरं, टीव्ही रिमोटने बंद केला म्हणजे तो खरा बंद होत नाही, स्टँडबायला जातो. भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभर थांबा आणि मग चालू करा, नको ती अ‍ॅप काढा, जी राहतील त्यांची कॅश, म्हणजे साठलेला तात्पुरता डेटा, साफ करा. काही टीव्ही एवढ्यानेच सुधारतात. आमचा चार दिवस सुधारला आणि परत तसाच.

आणि हो, घरात आधीच एखादा डबा पडलेला आहे का ते पण बघा. ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच जणांना फायबरच्या प्लॅनबरोबर सेट टॉप बॉक्स मिळालेला असतो आणि तो लॉफ्टवर खोक्यातच असतो, आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगमध्येच मी दोन घरं अशी बघितलीत. एअरटेल एक्सस्ट्रीमसारखा अँड्रॉइड टीव्हीवाला डबा असेल तर आधी तो लावून आठवडाभर वापरा, फुकटात काम होऊन जाईल. फक्त पुढेमागे कनेक्शन बदललं तर डबा परत द्यावा लागेल का एवढं विचारून ठेवा.

आता निवड. लोक आधी कंपनी विचारतात, मी म्हणते आधी हे सांगा की तुमच्या घरात रिमोट कोणाच्या हातात असतो. ज्याच्या हातात रिमोट त्याला जे सोपं पडेल ते घ्यायचं, बाकीचे आपण जुळवून घेतो. आईसाठी घ्यायचं तर होम स्क्रीन मोकळी पाहिजे, बटणं कमी पाहिजेत आणि दाबल्याबरोबर काहीतरी झालं पाहिजे, तिला डॉल्बी व्हिजन (चित्र जास्त उठावदार दाखवणारं तंत्र) आहे की नाही याच्याशी काहीही घेणंदेणं नाही.

मग कागदावर घरात रोज लागणारी अ‍ॅप लिहून काढा. आमच्याकडे झी फाइव्ह, जिओहॉटस्टार, यूट्यूब, सोनी लिव्ह आणि बाबांच्या भजनांसाठी एक अ‍ॅप. ही सगळी त्या स्टिकच्या स्टोअरमध्ये आहेत का ते आधी तपासा, कारण अ‍ॅमेझॉनच्या फायर टीव्ही स्टिकचं स्टोअर वेगळं आणि गूगल टीव्ही सिस्टीमवाल्या स्टिकचं प्ले स्टोअर वेगळं, आणि छोटी अ‍ॅप दोन्हीकडे असतीलच असं नसतं.

त्यानंतर रॅम. माझा एकच नियम, २ जीबीच्या खाली घ्यायचं नाही. फायर टीव्हीची साधी एचडी स्टिक १ जीबीची आहे, म्हणजे ज्या आजारासाठी टीव्ही सोडतोय तोच आजार परत विकत घ्यायचा, आज बरी चालेल पण दोन वर्षांनी परत तेच. फायर टीव्ही स्टिक ४के मध्ये २ जीबी आहे, ४के मॅक्सच्या २०२३ च्या मॉडेलमध्ये २ जीबीबरोबर १६ जीबी स्टोरेज. पण २०२५ मध्ये आलेली ४के सिलेक्ट नावाची स्टिक आहे ती १ जीबीचीच, आणि ती अँड्रॉइडवर नाही तर अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या वेगा सिस्टीमवर चालते, त्यामुळे बाहेरून अ‍ॅप टाकायची सोय त्यात नाही. म्हणून नावात ४के दिसलं म्हणजे २ जीबी असणारच असं धरून चालू नका, खोक्यावर नाहीतर वेबसाइटवर मॉडेलचं पूर्ण नाव वाचा. आणि तुमचा टीव्ही फुल एचडीच असला तरी ४केवालीच स्टिक घ्या, ती आपोआप १०८० वर, म्हणजे फुल एचडीवर येते, आपण पैसे देतोय ते वेगासाठी.

गूगलच्या प्ले स्टोअरवाल्यांमध्ये शाओमीची टीव्ही स्टिक ४के आहे, २ जीबी रॅम, ८ जीबी स्टोरेज. गूगलचा स्वतःचा क्रोमकास्ट २०२२ मध्ये इथे ६,३९९ रुपयांना आला होता, चांगला होता, पण गूगलने २०२४ मध्ये तो बनवणं बंद केलं, त्यामुळे कोणी जुना स्टॉक देत असेल तर पूर्ण किंमत देऊ नका. ज्या घरात सगळ्यांकडे आयफोन आहेत आणि बजेट आहे त्यांनी अ‍ॅपल टीव्ही ४के बघायला हरकत नाही, २०२२ चं मॉडेल इथे १४,९०० पासून सुरू झालं होतं, महाग आहेच, पण वर्षानुवर्षं अपडेट मिळत राहतात आणि अडकणं हा प्रकार जवळजवळ नसतो. माझ्या मते फक्त सीरियल आणि यूट्यूब बघणाऱ्या घराला एवढा खर्च करायची गरज नाही.

ज्यापासून लांब राहायचं ते सांगते, कारण मी स्वतः त्यात पैसे घातलेत. पहिल्यांदा मी एका एक्झिबिशनमधून नाव नसलेला डबा आणला, १,८०० रुपये, वर मोठ्या अक्षरात ८के आणि १६ जीबी रॅम लिहिलेलं. घरी लावला तर त्यात टीव्हीचं नाही, मोबाइलचं अँड्रॉइड कोंबलेलं, बाण दाबला की पडद्यावर माउससारखा ठिपका फिरायचा आणि आईने तो ठिपका बटणावर कसा न्यायचा? नेटफ्लिक्स सुरू झालं पण चित्र धुरकट. त्याचं कारण वाइडवाइन नावाचं सर्टिफिकेशन, त्याची एल१ पातळी नसेल तर ओटीटी अ‍ॅप मुद्दाम हलक्या क्वालिटीत चित्र देतात, टीव्ही कितीही भारी असो. आणि हा नुसत्या चित्राचा प्रश्न नाहीये, २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० बद्दल इशारा दिला होता, असे स्वस्त स्ट्रीमिंग डबे कधीकधी कारखान्यातूनच व्हायरस घेऊन येतात आणि आपल्या घरचं इंटरनेट दुसऱ्यांच्या उद्योगांसाठी वापरलं जातं. त्याच वायफायवर आपण बँकेचे व्यवहार करतो. त्यामुळे 'सगळे चॅनल फ्री' असं सांगून कोणी डबा विकत असेल तर दोनशे रुपयांनाही घेऊ नका.

घ्यायची कुठून, तर ऑनलाइन सेलमध्ये किंमत बरीच उतरते, आपल्याला घाई नसेल तर थांबा. दुकानातून घ्यायची असेल तर ठाण्यात गोखले रोडला किंवा वाशीला सेक्टर १७ ला फिरून बघा, पण बिल घ्या आणि त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या.

आता लावायची कशी, आणि इथे बऱ्याच लोकांची गडबड होते. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर स्टिक मागे सरळ बसत नाही, फायर स्टिकच्या खोक्यात छोटी एचडीएमआय एक्स्टेंडर वायर येते ती फेकू नका, ती लावली की स्टिक टीव्हीपासून जरा लांब लटकते, कमी तापते आणि वायफायही बरं पकडते. टीव्हीवर ज्या पोर्टला एआरसी लिहिलेलं असतं तो साउंडबारसाठी सोडा, दुसरा वापरा. आणि पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका. यूएसबी २.० चा पोर्ट अर्धा अँपिअर देतो, स्टिकच्या अ‍ॅडॉप्टरवर १ अँपिअर लिहिलेलं असतं, मग ती मधेच रीस्टार्ट होते आणि आपण म्हणतो स्टिक खराब निघाली. शिवाय टीव्ही बंद केला की स्टिकही मरते आणि रोज संध्याकाळी पहिल्यापासून सुरू होत बसते. खोक्यातला अ‍ॅडॉप्टर भिंतीच्या सॉकेटलाच लावा.

वायफायचं म्हणाल तर नेटफ्लिक्स ४केला १५ एमबीपीएस मागतं आणि फुल एचडीला ५, आपले प्लॅन त्याच्या कितीतरी वरचे असतात. पण फायबर येते दाराजवळ, राउटर तिथेच चपलांच्या कपाटावर आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडे. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतीतून जाताना दमतो, २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो पण तिथे अख्ख्या बिल्डिंगची गर्दी, आमच्याकडे फोनवर वायफायची यादी उघडली की वीसेक राउटर दिसतात. स्टिक दोन्हीवर लावून बघा, जिथे यूट्यूबचा तो बफरचा आकडा चांगला येईल तिथे ठेवा. २.४ वरच राहायचं असेल तर राउटरमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो लावायला वायफायवाल्याला सांगा.

सेटिंगमध्ये तीन-चार गोष्टी केल्याच पाहिजेत. टीव्हीत एचडीएमआय सीईसी (एका रिमोटने दोन्ही यंत्रं चालवायची सोय) चालू करा, सॅमसंगमध्ये त्याला अ‍ॅनीनेट प्लस म्हणतात, एलजीत सिमलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, म्हणजे स्टिकचं होम बटण दाबलं की टीव्हीही चालू होऊन बरोबर त्याच इनपुटवर येतो. गूगल टीव्ही असेल तर अकाउंटच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅप्स ओन्ली मोड' आहे तो लावा, सगळ्या शिफारशी जाऊन नुसती अ‍ॅप राहतात, आईसाठी याहून चांगली गोष्ट नाही. फायर टीव्हीत प्रेफरन्सेसमध्ये फीचर्ड कंटेंटमध्ये जाऊन वरचा व्हिडिओ आपोआप वाजणं बंद करा. आणि जुन्या टीव्हीचं स्वतःचं वायफाय काढून टाका, आता त्याला त्याची गरज नाही, उगाच पाठीमागे काहीतरी डाउनलोड करत बसतो.

बाबांना कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी ब्लूटूथ हेडफोन स्टिकला जोडून दिलाय. तो लावला की टीव्हीचा आवाज बंद होतो आणि फक्त त्यांनाच ऐकू येतं, रात्री उशिरा मॅच बघताना हे फार कामाला येतं.

लॉगिन करायला बसताना ज्या नंबरवर ओटीपी येतात तो फोन आणि तो माणूस घरात असताना बसा. मी एकदा दुपारी बसले आणि झी फाइव्हचा ओटीपी गेला दादाच्या फोनवर, तो लोकलमध्ये, रेंज नाही, अर्धा तास तसाच गेला. अ‍ॅप पहिल्या ओळीत आईच्या क्रमाने लावा, आपल्या नाही. आणि परत करायची मुदत संपायच्या आत ज्याच्यासाठी घेतलीये त्यालाच एक पूर्ण संध्याकाळ एकट्याला वापरू द्या, आपण शेजारी बसून सांगायचं नाही. कुठे अडकतात ते तेव्हाच कळतं. आई अडकली ती फक्त बॅकच्या बटणावर, तिथे मी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून दिला. जुना रिमोट टाकून देऊ नका, चित्राचा ब्राइटनेस वगैरे बदलायला तोच लागतो, सेल काढून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा.