पावसाळ्यात मोटारीची आरसीसीबी पहाटे ट्रिप होते? माझा अनुभव

विहिरीवरच्या मोटारीची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पावसाळ्यात पहाटे ट्रिप व्हायची आणि ऊन पडलं की बिनबोभाट टिकायची. ती बसवलेली पत्र्याची पेटी उघडावी तर झाकणाला आतून थेंब लोंबकळलेले, टर्मिनलवर हिरवट थर.

दाराला सिलिकॉन फासलं, सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. पुड्याच ओल्या झाल्या. डोकं पिकलं अगदी.

पाणी दारातून येतच नव्हतं. जमिनीतून आलेल्या केबलच्या पाइपातून दमट हवा वर चढायची आणि रात्री गार पत्र्यावर तिचं पाणी व्हायचं.

मग आधी मेन स्विच बंद करून टेस्टरने तिन्ही फेज तपासले. वरून शिरणारी केबल काढून तळातून ग्लँड (भोकात केबल घट्ट धरणारी कडी) लावून घेतली, बाहेर तिला खाली झोल दिला. वरचं भोक बुजवलं. पाइपाचं तोंड केबलभोवती डक्ट सील पुटीने (फटी बुजवायच्या मऊ लगद्याने) गच्च भरलं; खरा गुण याचाच. तळाच्या खालच्या कोपऱ्यात पाणी निथळायला 6 मिमीचं भोक पाडून आतून बारीक जाळी लावली, नाहीतर मुंग्या संसार थाटतात. (ड्रिलचा कीस स्टार्टरमध्ये पडू देऊ नका.) टर्मिनल घासून, सुकवून आवळले. शेवटी सिलिकॉन खरवडून रबरी गॅस्केट बसवली.

आरसीसीबी आता पहाटेही टिकते. पावसाआधी ते भोक तेवढं काडीने मोकळं करतो.