अहिराचा विषय घेणार असाल तर

गोव्यात सागरी विज्ञान किंवा प्राणिशास्त्र शिकताना प्रबंधासाठी अहिराचं (सापासारख्या लांब ईल माशाचं) प्रजनन निवडणार असाल, तर आधी एक व्यवस्था करा: टाकीतला प्रत्येक मासा वेगळा ओळखता आला पाहिजे. कातडीखाली चिप बसवा आणि प्रत्येकाची स्वतंत्र वही ठेवा. सगळ्यांची सरासरी काढून हा मासा कळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

अहिर समुद्रात जन्मतो, नदीत वाढतो आणि आयुष्याच्या शेवटी, एकदाच, अंडी घालायला समुद्रात परततो. नदीत तो वर्षानुवर्षं अपरिपक्वच असतो. मग कधीतरी पोट रुपेरी होतं, डोळे मोठे होतात, खाणं सुटतं, आतडं आक्रसतं. कोणाची वेळ कधी येईल, हे वयावरून सांगता येत नाही. युरोपीय अहिराचे नर साधारण 45 सेंमीच्या आतच निघतात, माद्या त्याहून मोठ्या होईपर्यंत थांबतात. लिंगसुद्धा परिस्थितीवर ठरतं. दाटी असली की नर जास्त होतात, म्हणून पाळलेल्या अहिरांत माद्या कमी मिळतात.

कैदेत अडचण आणखी वाढते. मेंदूतलं डोपामिन हे रसायन पीयूषिका ग्रंथीला (मेंदूखालची, प्रजननाची संप्रेरकं सोडणारी पिट्यूटरी) रोखून धरतं, त्यामुळे रुपेरी झालेली मादीही टाकीत पक्व होत नाही. जपानमध्ये माद्यांना दर आठवड्याला सामन (सॅल्मन) माशाच्या पीयूषिकेचा अर्क टोचतात. तिथे 1970च्या दशकात पहिली पिल्लं मिळाली, पण कैदेत जन्मलेल्यांचीच पुढची पिढी मिळायला 2010 उजाडलं.

खरी गंमत या इंजेक्शनांतच आहे. एकाच टाकीतल्या, एकाच वजनाच्या, एकाच मात्रेच्या दोन माद्या घ्या. एकीच्या अंडपेशी पिवळ्या बलकाने भरून फुगतात, तर दुसरीच्या त्याच आठवड्यात बारीक आणि पारदर्शक असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही नमुने शेजारी ठेवून बघाच. सुरुवातीला कोण किती रुपेरी होती, अंगात चरबी किती होती, यावर बरंच अवलंबून असतं. तरीही काही फरक उरतोच, आणि तोच आपला अभ्यासाचा विषय.

शेवटच्या टप्प्यात अंडपेशी पाणी शोषतात आणि मादीचं वजन झपाट्याने वाढतं. म्हणून दर आठवड्याचं वजन चुकवू नका. पोटातून नमुना घेऊन अंडपेशी तयार दिसल्या, तरच अंडी पूर्ण पक्व करणारं शेवटचं स्टेरॉइड संप्रेरक द्यायचं. जपानी अहिरात त्यानंतर साधारण 15 ते 18 तासांनी अंडी सुटतात. घाई झाली किंवा उशीर झाला तर अंड्यांची प्रत बिघडते. अशा वेळी रात्रपाळी लागते, मदतीला कोण येणार ते आधीच ठरवा.

आता इथल्या गोष्टी. बाजारात ‘वाम’ म्हणून मिळते ती बहुधा समुद्रातली, दातेरी जबड्याची आणि खवले नसलेली. ती आपल्या कामाची नाही. आपल्या नद्यांतले दोन अहिर पाठीवरच्या पराने ओळखा. पर जवळजवळ गुदद्वाराच्या वरून सुरू होत असेल तर बायकलर (Anguilla bicolor). बराच पुढून सुरू होत असेल आणि अंगावर ठिपके-डाग असतील तर बेंगालेन्सिस (Anguilla bengalensis). खाजनाच्या (भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या जमिनीच्या) मानसीवर, म्हणजे पाणी सोडायच्या दारावर, रात्री जाळी लावणाऱ्या काकांशी आदराने बोला. ओहोटीला काय उतरतं ते त्यांना तुमच्याआधी ठाऊक असतं.

डोळ्याचा उभा-आडवा व्यास आणि लांबी यांवरून काढायचा निर्देशांक शिकून घ्या. युरोपीय अहिरात तो 6.5च्या वर गेला की मासा प्रवासाला निघणारा मानतात. हा आकडा बायकलरला जसाच्या तसा लावू नका. थोड्या माशांच्या जननग्रंथीचं वजन शरीराच्या वजनाशी ताडून आपली मर्यादा स्वतः ठरवा. नीतिमत्ता समितीची परवानगी पहिल्या सत्रातच मागा, तिला वेळ लागतो.

आणि ज्या माद्यांनी प्रतिसादच दिला नाही, त्यांच्या नोंदी तक्त्यातून काढू नका. सुरुवातीचं वजन, डोळ्याचा निर्देशांक, पकडल्याची जागा, सगळं त्यांच्या नावापुढे राहू द्या.