न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीला प्रवेश : फी भरण्याआधी करायची चौकशी

न्यूक्लिअर मेडिसिन म्हणजे रुग्णाला किरणोत्सर्गी औषध देऊन स्कॅन किंवा उपचार करणं. त्यातला गॅमा कॅमेरा काय करतो, पेट-सीटी कोणत्या रुग्णांसाठी असतं, हे या क्षेत्राची चौकशी करणाऱ्यांना बहुधा माहीत असतं. त्यामुळे ते इथे परत सांगत नाही. मुलं जिथे हमखास अडकतात त्या एका जागेपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे चुकलं तर चार वर्षं आणि आईवडिलांचे पैसे दोन्ही जातात.

एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, किरणोत्सर्ग वापरणाऱ्या विभागांना परवाना देणारी संस्था. प्रॉस्पेक्टसवर ‘एईआरबी मान्यताप्राप्त’ असं ठळक छापलेलं दिसलं की घरचे निर्धास्त होतात. होऊ नका. त्या ओळीमागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, कॉलेजच्या एक्स-रे किंवा सीटी मशीनचा परवाना. दोन, कॉलेजशी जोडलेल्या हॉस्पिटलच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागाचा परवाना. तीन, या कोर्समधून बाहेर पडलेल्या मुलांना एईआरबी न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट म्हणून नोंदवून घेते, ही गोष्ट. तुमचं पोट तिसरीवर आहे. पहिल्या दोन असून तिसरी नसेल तर पदवी हातात येते, पण काम मिळत नाही.

हे कसं चालतं ते नीट समजून घ्या. विभागात काम करायचं तर एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर ‘रेडिएशन प्रोफेशनल’ म्हणून नोंदणी लागते. तिथे पदवी आणि गुणपत्रिका अपलोड होतात आणि शैक्षणिक पात्रता तपासली जाते : न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीचीच पदवी आहे का, किंवा विज्ञान पदवीनंतर याच विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा वा एम.एस्सी. आहे का. नोंदणी झाली की मग हॉस्पिटल तुमचं नाव आपल्या कर्मचाऱ्यांत जोडतं. आता पदवीवर ‘मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजी’ असं लिहिलंय आणि न्यूक्लिअर मेडिसिन हा सहाव्या सेमिस्टरचा एक पेपर होता, तर अर्ज परत येतो. हॉस्पिटलला तुम्ही कितीही आवडलेले असा, एचआरच्या हातात काही नसतं. पात्र माणसं दाखवल्याशिवाय विभागाचा परवानाच टिकत नाही, त्यामुळे ‘बघू, करू काहीतरी’ इथे चालत नाही.

बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीतल्या रेडिओग्राफीबद्दलही हाच घोळ होतो. तो कोर्स चांगला आहे, त्यात नोकऱ्याही आहेत, पण तो एक्स-रे, सीटी, एमआरआयसाठी. ‘नंतर सहा महिन्यांचं ट्रेनिंग घेतलं की न्यूक्लिअरला जाता येतं’ असं सांगणारा एजंट भेटला तर उठून या. ऑनलाइन डिप्लोमाचंही तेच. हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सर्गी औषधं तयार करण्याच्या खोलीत, हात न घालता हे काम शिकता येत नाही, आणि असा कागद ई-लोरावर उपयोगी पडत नाही.

विद्यापीठाला यूजीसीची मान्यता असणं ही आणखी वेगळी बाब. शिवाय २०२१ च्या राष्ट्रीय अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या अनुसूचीत न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय स्वतंत्रपणे घातलेला आहे, त्यामुळे त्या कायद्याखालच्या आयोगाकडची नोंदणीही पुढे लागणार. म्हणजे दारं तीन आहेत : यूजीसी, आयोग आणि एईआरबी. एका दाराची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. कॉलेजने एका दाराचं पत्र दाखवलं की लगेच पुढचा प्रश्न विचारा.

मग खात्री कशी करायची? सगळ्यात पक्का मार्ग म्हणजे त्याच कोर्सचे, दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेले विद्यार्थी गाठणं. त्यांना ‘कॉलेज कसं आहे’ असं मोघम विचारू नका. विचारा : ई-लोरावर नोंदणी झाली का, कोणत्या भूमिकेत झाली, आज टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणारा बिल्ला) कोणत्या संस्थेकडून मिळतो? या तिन्हींची उत्तरं पटकन आली तर कोर्स खरा. ‘मी सध्या सीटीला आहे’, ‘मी अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्ट आहे’ अशीच उत्तरं एकामागून एक आली तर मुलं न्यूक्लिअर मेडिसिनपर्यंत पोचत नाहीत, हे समजा. कॉलेजने एकाही माजी विद्यार्थ्याचा संपर्क द्यायला नकार दिला, तर तेही उत्तरच आहे. आणि पदवी प्रमाणपत्रावर नेमकं कोणतं नाव छापून येतं, ते एखाद्या जुन्या प्रमाणपत्राची प्रत मागून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जाहिरातीतलं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव वेगळं असू शकतं.

हे सगळं वाचून घाबरायचं कारण नाही. चांगले कोर्स आहेत. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आणि देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन तिथेच २००२ मध्ये सुरू झालं. विज्ञान पदवीनंतरच्या शिक्षणासाठी महाराष्ट्रातल्या मुलांनी पहिली चौकशी तिथेच करावी. दिल्लीच्या एम्समध्ये एम.एस्सी. आहे. बारावीनंतर थेट बी.एस्सी. करायची तर मणिपाल आणि पुदुच्चेरीचं जिपमेर ही माहितीतली नावं. जागा सगळीकडे मोजक्याच असतात. एकाच ठिकाणी अर्ज करून वाट बघत बसणं परवडत नाही.

विषयांची अट बारकाईने वाचा. बारावीला जीवशास्त्र सोडलेल्यांना काही ठिकाणी प्रवेश नाही. उलट पदव्युत्तरला बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजी केलेली मुलं ‘पदवीला भौतिकशास्त्र’ या अटीवर अडतात. कोणत्या वर्षापर्यंत भौतिकशास्त्र हवं, मुख्य विषय म्हणून की सोबतचा म्हणून, हे जाहिरातीतल्या शब्दांप्रमाणे तपासा. ‘विज्ञान पदवीधर चालतो’ या ऐकीव माहितीवर अर्जाची फी भरू नका.

केंद्रीय संस्थांत राखीव जागेवर अर्ज करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. ओबीसीचं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेलं तिथे चालत नाही. तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी बघा, कारण राज्याची यादी आणि केंद्राची यादी एकसारखी नाही. व्हीजेएनटी आणि एसबीसी हे प्रवर्ग केंद्रात नाहीत. जात केंद्रीय ओबीसी यादीत असेल तर ओबीसी म्हणून अर्ज करता येतो, नसेल तर खुल्या गटातून. तहसीलच्या चकरांना वेळ लागतो, म्हणून जाहिरात येण्याआधीच कागद हाती ठेवा.

आता कॉलेज बघायला जाल तेव्हा काय बघायचं. विभाग त्याच आवारात आहे, की तीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलशी करार आहे? करार असेल तर त्याची मुदत तुमची इंटर्नशिप संपेपर्यंत पुरते का? गॅमा कॅमेरा चालू आहे, की दुरुस्तीची वाट बघत झाकून ठेवलाय? आयोडीन-१३१ च्या मोठ्या डोससाठी वेगळा वॉर्ड आहे का? नसेल तर थेरपीचा भाग तुम्ही फक्त पुस्तकात वाचणार. एका बॅचला किती मुलं आणि रोज किती रुग्ण? दिवसाला चार स्कॅन आणि विभागात वीस विद्यार्थी असतील तर इंजेक्शन कुणाच्या वाट्याला येणार? आणि विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावाचा टीएलडी बॅज मिळतो का? हा प्रश्न चुकवू नका. बॅज दर तीन महिन्यांनी बदलून मोजला जातो आणि ती नोंद पुढे आयुष्यभर तुमच्याबरोबर चालते. बॅजशिवाय मुलांना हॉट लॅबमध्ये उभं करणारी जागा शिकण्याची नव्हे, तिथून निघा.

हॉट लॅबमधली सकाळ कशी असते ते कळलं तर हे काम आपल्याला जमेल की नाही, याचा अंदाज येतो. जनरेटरमध्ये (विजेचा नव्हे, किरणोत्सर्गी द्रव्य पुरवणारा) मॉलिब्डेनम-९९ असतं, त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६६ तास. त्यातून तयार होणारं टेक्निशियम-९९एम सलाइनने धुऊन निर्वात कुपीत ओढलं जातं, त्याचा अर्धायुकाल ६ तास. कुपी शिशाच्या आवरणात, तुम्ही एल-बेंच या शिशाच्या आडोशाच्या काचेमागे. पहिलं मोजमाप डोस कॅलिब्रेटर या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्रात. मग मॉलिब्डेनम सोबत आलंय का याची तपासणी : टेक्निशियमच्या दर मिलिक्युरीमागे (क्युरी हे किरणोत्सर्गाचं माप) ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त मॉलिब्डेनम असेल तर तो माल रुग्णाला द्यायचा नाही. घाईत ही तपासणी गाळली तर रुग्णाला विनाकारण जादा मात्रा मिळते आणि चित्रही बिघडतं. त्यानंतर किट तयार करायचं, म्हणजे टेक्निशियम औषधाला जोडायचं, ही बांधणी नीट झाली का ते क्रोमॅटोग्राफीने बघायचं आणि मगच सिरिंज भरायची. बांधणी कच्ची राहिली तर हाडांच्या स्कॅनमध्ये थायरॉइड आणि जठर उजळलेलं दिसतं, आणि तीन तास थांबलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी परत बोलवावं लागतं.

प्रवेश परीक्षेत आणि मुलाखतीत हमखास येणारं गणित यातूनच निघतं. अकरा वाजता २० मिलिक्युरी द्यायचे आहेत, तर आठ वाजता किती हवेत? बहुतेक जण ‘सहा तासांत निम्मं, म्हणजे तीन तासांत पाव कमी’ असं धरून २६.७ सांगतात. ते चूक आहे. क्षय सरळ रेषेत होत नाही. तीन तासांनी ०.७०७ इतका भाग उरतो, म्हणून सुरुवातीला २८.३ लागतात. फ्लोरीन-१८ चा अर्धायुकाल ११० मिनिटं : आठ वाजता १० मिलिक्युरी असतील तर नऊ पन्नासला ५ आणि अकरा चाळीसला २.५. म्हणूनच पेटचा रुग्ण अर्धा तास उशिरा आला की पुढची सगळी यादी हलते. १ मिलिक्युरी म्हणजे ३७ मेगाबेक्वेरल हे पाठ हवं. अंतर दुप्पट केलं की मात्रा पाव होते हे नुसतं पाठ नको, पटलेलं हवं. या तयारीसाठी क्लास लावायची गरज मला वाटत नाही. अकरावी-बारावीचं अणुकेंद्रावरचं प्रकरण आणि लॉगॅरिदम नीट केलं तर पुरतं.

मुलाखतीत ‘मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून आलो’ हे लपवायची गरज नाही, समोरच्यांनाही ते ठाऊक असतं. पण त्यापुढे एक वाक्य खरं हवं : सीटी अवयवाची रचना दाखवतं, आपण त्याचं काम दाखवतो, आणि मला ते का शिकायचंय. मार्गदर्शक शोधायचा तर विभागप्रमुखांच्या मागे लागण्याआधी दहा-पंधरा वर्षं काम केलेला सीनियर टेक्नॉलॉजिस्ट शोधा. कोणत्या कॉलेजची मुलं पहिल्या दिवशी सिरिंज शील्ड (सिरिंजवरचं संरक्षक आवरण) न सांगता उचलतात, हे त्यालाच माहीत असतं. विभाग बघायची इच्छा असेल तर रीतसर लेखी अर्ज द्या. आत हॉट लॅबमध्ये सोडणार नाहीत आणि सोडूही नये, पण कन्सोल रूममधून एक दुपार बघायला मिळाली तरी बरंच कळतं.

घरच्यांची भीती वेगळीच असते, विशेषतः मुलींच्या घरी : पुढे लग्न, मुलंबाळं याचं काय? त्यांना आकडे सांगा. काम करणाऱ्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या मात्रेचं माप) आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. शिस्तीने चालणाऱ्या विभागात टेक्नॉलॉजिस्टची नोंद याच्या पुष्कळ खाली राहते. गर्भधारणा कळवली की कामाची वाटणी बदलतात, गर्भासाठीची मर्यादा वेगळी आणि फार कडक आहे. धोका आळसातून येतो : शील्ड न लावता इंजेक्शन देणं, इंजेक्शन दिलेल्या रुग्णाशेजारी उभं राहून गप्पा मारणं, बॅज हॉट लॅबच्या खुंटीवर टांगून घरी जाणं. आणि लेड एप्रनवर भिस्त ठेवू नका. टेक्निशियमच्या १४० केईव्ही ऊर्जेच्या किरणांना तो काही प्रमाणात अडवतो, पेटच्या ५११ केईव्हीपुढे त्याचा फारसा उपयोग नाही. तिथे अंतर आणि वेळ यांनीच वाचायचं.

परदेशाचं स्वप्न असेल तर आत्ताच एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेत तिथल्या मान्यताप्राप्त कार्यक्रमातून शिकल्याशिवाय त्यांच्या प्रमाणन परीक्षेचा मार्ग नाही. इथल्या पदवीवर थेट तिकडे नोकरी, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

शेवटी पैसे. प्रवेशाच्या आठवड्यात ‘आज भरलं नाही तर सीट जाईल’ असा फोन येतोच. त्याआधी कॉलेजला ईमेल करा आणि तीनच प्रश्न लिहा : पदवीवरचं नेमकं नाव काय, प्रात्यक्षिक कोणत्या परवानाधारक विभागात, आणि मागच्या बॅचमधल्या किती जणांची ई-लोरावर टेक्नॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी झाली. उत्तर फोनवर नको, ईमेलवरच घ्या. मूळ गुणपत्रिका आणि टीसी पडताळणीपुरते दाखवा आणि परत घ्या. ती ठेवून घ्यायला यूजीसीने मनाई केलेली आहे, आणि प्रवेश रद्द केल्यास फी परत करण्याचे टप्पेही ठरवून दिलेले आहेत. प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी रद्द केलात तर प्रक्रिया शुल्क वगळता पूर्ण फी मिळते, त्यानंतर रक्कम कमी होत जाते आणि शेवटच्या तारखेला तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. म्हणून ईमेलचं उत्तर आलं नसतानाही नाइलाजाने भरलंच असेल, तर कॅलेंडरवर ती अंतिम तारीख लिहून ठेवा आणि तिच्या पंधरा दिवस आधी निर्णय घ्या.