मिनिएचर बाहुली खुर्चीत बसेना, मान लटलटते: माझा उपाय

१:१२ मापाची (खऱ्या माणसाच्या बाराव्या हिश्श्याएवढी), साधारण १४ सेंमी उंचीची बाहुली. डोकं, हात, पाय पॉलिमर क्लेचे (भाजल्यावर कडक होणारी कृत्रिम माती), धड कापडी.

पाय ताठ राहत होते, कारण मांडीपर्यंत ठासून भरलं होतं. आता जिथे घडी पडायला हवी तिथे ५ मिमी जागा रिकामी सोडून आत फक्त तार ठेवते. ०.८ मिमीची एकेरी तार वाकवून वाकवून तुटते, ०.५ मिमीच्या दोन पिळून घेतल्या की टिकतात. वर पाइप क्लीनर (लोकरीसारखे तंतू असलेली बारीक तार) गुंडाळला तर भरण सरकत नाही.

मानेचं काम क्ले भाजण्याआधीच करायचं: गळ्याखाली सभोवार २ मिमी खोल खाच. धडाचं कापड उलटं करून डोक्यावरून चढवा, खाचेत जाड दोऱ्याचे चार वेढे आवळा, गाठीवर गोंदाचा थेंब, मग कापड खाली सुलटा. नुसता गोंद गुळगुळीत क्लेवरून पापुद्र्यासारखा सुटतो.

मलमल नको, विरळ विणीमुळे शिवण उसवते. पॉपलिन घ्या, माया (शिवणीबाहेरचं कापड) ३ मिमी, बारीक बखिया. आत भरायचं फायबर एका वेळी वाटाण्याएवढं, चिमट्याने भरा. कापसाच्या गाठी होतात. बुडाशी पाव चमचा काचमणी घातले की बैठक जमते. (मोहरी घालू नका, कीड लागते.)