पोरांच्या हातात एडिट द्या: ऑनलाइन क्लास घेणाऱ्यांसाठी थोडं कामाचं

सगळ्यांना एकत्र लिहिता येईल अशा गूगल डॉकची लिंक ग्रुपवर टाकली, २६ पोरं एकदम आत आली आणि दोन मिनिटांत अख्खं डॉक्युमेंट कोरं. कोणीतरी सगळं सिलेक्ट करून डिलीट मारलं होतं. वर कोपऱ्यात अनॉनिमस कॅपीबारा, अनॉनिमस अमुक-तमुक असे प्राणी दिसत होते, म्हणजे लॉगिन न करता आलेली मंडळी, त्यामुळे हे कोणी केलं ते आजवर कळलं नाही. एक पोरगा माइक चालू करून ओरडला, "मॅडम, माह्यं लिहिलेलं काहून खोडलं यानं?" आणि मग सगळेच ओरडायला लागले. २०२१ चा उन्हाळा होता. पण खरं सांगते, त्याआधीच्या वर्षभरात एवढी पोरं एकाच वेळी जागी मी ऑनलाइन पाहिली नव्हती.

मी मानेवाड्याला सातवी ते नववीचे क्लास घेते. लॉकडाऊनमध्ये एका ऑनलाइन कोचिंगवाल्यांकडेही शिकवत होते, नाव नको, तिथे पहिलाच नियम की पोरांना म्यूट ठेवा, चॅट बंद ठेवा, नाहीतर सिलॅबस होत नाही. सिलॅबस झाला. डोक्यात काय गेलं ते विचारू नका. आता उन्हाळ्यात मी मुद्दाम ऑनलाइन बॅच घेते, कारण आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, दुपारी कोणाच्या लेकराला घराबाहेर बोलवायची हिंमत होत नाही, आणि विदर्भातल्या शाळा तशाही जूनच्या शेवटी उघडतात म्हणजे वेळ भरपूर. दरवर्षी दोन-चार शिक्षक मैत्रिणी विचारतात की तू हे सगळं पोरांकडून कसं करून घेतेस गं, कोणतं ॲप आहे, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

ॲप कोणतं ते शेवटी बघा. आधी हे ठरवा की क्लासमध्ये लिहिणार कोण. तुम्ही पीपीटी दाखवणार, पोरं बघणार, मग क्विझ, असं असेल तर जगातलं सगळ्यात भारी टूल घेतलं तरी तो फळाच आहे, फक्त काचेचा. गंमत म्हणजे टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर बनवला तेव्हा त्यात पान वाचताही यायचं आणि लिहिताही यायचं. नंतर घरोघरी जे ब्राउझर पोचले त्यात लिहिण्याचा भाग गळाला. मग १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी विकी आणलं, हवाईच्या भाषेत विकी म्हणजे लवकर, होनोलुलू विमानतळावरच्या बसच्या नावावरून उचललेला शब्द, आणि पान वाचणाऱ्यालाच पान बदलायचा हक्क परत मिळाला. सगळा खेळ या हक्काचा आहे. २००८ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक कोर्स घेतला, फी भरलेले विद्यार्थी २५ च्या आसपास आणि नेटवरून फुकट सामील झालेले २,००० च्या वर, आणि ते आपापल्या ब्लॉगवर लिहून एकमेकांना शिकवत होते. अशा कोर्सला मूक (MOOC, म्हणजे सगळ्यांना खुला असलेला मोठा ऑनलाइन कोर्स) म्हणायला तेव्हाच सुरुवात झाली. पुढे मोठमोठ्या कंपन्या त्यात उतरल्या, व्हिडिओ आणि क्विझ एवढंच उरलं, आणि मूक खरंच मूक झालं.

तर सुरुवात कशी करायची. अख्ख्या वर्गाला एक डॉक्युमेंट देऊ नका, माझ्यासारखं होईल. चार-चार पोरांना एक गूगल डॉक. लिंक ग्रुपवर न टाकता शेअरमध्ये जाऊन प्रत्येकाचा ईमेल टाका आणि एडिटर करा, दहा मिनिटं जातात पण मग प्रत्येक बदलावर नाव येतं. १३ वर्षांखालच्या पोरांना स्वतःहून गूगल अकाउंट काढता येत नाही, त्यांच्यासाठी आईबाबांच्या देखरेखीखालचं अकाउंट लागतं, खोटी जन्मतारीख टाकून काढलेलं चालवून घेऊ नका, आपणच शिकवतो ना खोटं बोलू नये म्हणून.

आणि काही डिलीट झालं तर घाबरायचं नाही. कम्प्युटरवर डॉक उघडा, फाइल मेनूमध्ये व्हर्जन हिस्ट्री, तिथे तारीख-वेळेसकट जुनी पानं रांगेत उभी असतात, हवं ते निवडून रिस्टोर दाबा. मी आता पहिल्याच दिवशी मुद्दाम स्वतः सगळं डिलीट करते, पोरं किंचाळतात, मग परत आणून दाखवते. त्यानंतर दोन गोष्टी होतात. एक, डिलीट करण्यातली मजा संपते. दुसरी, जी पोरं चुकीच्या भीतीनं हातच लावत नाहीत ती लिहायला लागतात, आणि दर बॅचला अशी पाच-सहा असतातच.

नियम फक्त एक ठेवा. दुसऱ्याचं वाक्य खोडायचं असेल तर आधी कमेंट टाकायची की का खोडतोय, आणि त्यानं उत्तर दिल्यावरच खोडायचं. सुरुवातीला कमेंटमध्ये "चूक आहे" एवढंच येतं. मी विचारते, चूक आहे हे तुला कशावरून कळलं? इथून खरा अभ्यास सुरू होतो.

आता काम कोणतं द्यायचं यावर मी सगळ्यात जास्त डोकं लावते, तुम्हीही लावा. "पर्यावरणावर दहा ओळी" दिलं की चारही पोरं नेटवरून तेच उचलून चिकटवणार. काम असं हवं की त्याचं उत्तर नेटवर नाहीच, आणि एकट्या पोराकडे पूर्ण नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाणपोया मोजल्या. एप्रिलमध्ये आपल्याकडे चौकाचौकात मांडव टाकून माठ ठेवतात ना, त्या. कोणी सक्करदऱ्याचा, कोणी अयोध्यानगरचा, एक पोरगी मामाकडे महालात राहायला गेलेली, प्रत्येकानं आपल्या घराजवळच्या बघायच्या, सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर, मोठं माणूस सोबत घेऊन. गूगल फॉर्म बनवला, तो एकदा गूगल शीटला (तक्त्याच्या फाइलला) जोडला की उत्तरं आपोआप शीटमध्ये येतात. फॉर्ममध्ये फोटो अपलोडचा प्रश्न टाकला की लॉगिन मागतो आणि निम्मी पोरं तिथेच अडकतात, म्हणून फोटो व्हॉट्सॲपवर घेतले.

फॉर्म मी बनवला ही माझी चूक. मी लिहिलं होतं, "पाणपोई आहे का? हो / नाही." तिसऱ्या दिवशी शीटमध्ये एकाच चौकाला एकानं हो लिहिलं आणि एकीनं नाही. भांडण सुरू. तो म्हणे माठ दिसून राहिला ना फोटोत. ती म्हणे माठ रिकामा आहे, पाणी नाही तर पाणपोई काहून म्हणायची? मग तिसरा म्हणाला की मी सकाळी पाहिला तेव्हा भरलेला होता. चाळीस मिनिटं हेच चाललं, त्या दिवशी ठरलेला टॉपिक बोंबलला, आणि मी मध्ये पडले नाही, पडायचंही नाही, कितीही जीभ वळवळली तरी. शेवटी पोरांनीच शीटमध्ये कॉलम वाढवले: माठ किती, पाणी होतं का, किती वाजता पाहिलं, ग्लास साखळीनं बांधलाय का. "किती वाजता पाहिलं" हा कॉलम मला सुचला नसता. निरीक्षण म्हणजे काय हे मी विज्ञानाच्या तासाला दहा वेळा सांगितलेलं, तेव्हा माना डोलावल्या होत्या, इथे त्यांना ते लागलं म्हणून त्यांनी शोधून काढलं. आपल्यापासून ७५-८० किलोमीटरवर वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा हेच सांगितलं होतं की हाताला काम देऊन त्यातून विषय शिकवा, त्यामुळे हे काही अमेरिकेहून आलेलं फॅड आहे असं मला कोणी म्हणू नका.

शीट तयार झाली की ती गूगल माय मॅप्समध्ये इम्पोर्ट करता येते, पत्त्याचा किंवा अक्षांश-रेखांशाचा कॉलम दाखवून दिला की नकाशावर टाचण्या पडतात. मोबाईलच्या ब्राउझरवर जरा रडत-रखडत चालतं, कम्प्युटर असेल तर बरं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पुढची पायरी म्हणजे अनोळखी लोकांसोबत काम, आणि तिथे पोरं सरळ होतात, कारण तिथे मॅडम नसतात. तीन जागा मी वापरल्यात. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून लोकांनीच बनवलेला नकाशा, त्यात आपल्या गल्लीतली हापशी, बाकडं, दवाखाना, मराठी नाव, सगळं टाकता येतं. पाणपोया आम्ही तिथे टाकणार होतो, मग वाचलं की तिथे पक्क्या, टिकणाऱ्या गोष्टी टाकायच्या, दोन महिन्यांचा मांडव नाही. म्हणून फक्त बारमाही नळवाल्या टाकल्या. गूगल मॅप्सवर बघून नावं उचलायची नाहीत, कॉपीराइटचा मामला आहे, स्वतः जाऊन पाहिलेलंच टाकायचं, आणि आळशी पोरांवर याच्याइतका चांगला उपाय नाही.

दुसरी जागा आयनॅचरलिस्ट, निसर्गातल्या नोंदींची साइट. पक्षी, किडा, झाड, फोटो काढा, टाका, दुसरे लोक नाव सुचवतात, आणि ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं एका जातीवर एकमत झालं की निरीक्षण रिसर्च ग्रेड, म्हणजे अभ्यासाला वापरण्याजोगं, होतं. एकानं कुंडीतली तुळस टाकली, तिला रिसर्च ग्रेड मिळणार नाही कारण लावलेली झाडं तिथे वेगळी धरतात, तो दोन दिवस रुसला. मग अंबाझरीला काकासोबत जाऊन एक बगळा घेऊन आला, म्हणजे फोटो. एक सेटिंग मात्र आधी करा: घराजवळून टाकत असाल तर लोकेशन ऑब्स्क्युअर्ड ठेवा, मग नेमकी जागा न दिसता साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी टाचणी दिसते.

तिसरी मराठी विकिपीडिया, १ मे २००३ पासून चालू आहे. तिथे नवीन लेखाच्या मागे लागू नका, आम्ही लागलो होतो, आमच्या गल्लीच्या मंडळावर पान केलं आणि ते उडालं, बरोबरच उडालं, उल्लेखनीयता नव्हती, म्हणजे मंडळाबद्दल दुसऱ्या कोणी कुठे फारसं लिहिलेलंच नव्हतं. आधी धूळपाटीवर, म्हणजे तिथल्या सरावाच्या पानावर, हात बसवायचा, मग असलेल्या लेखातलं शुद्धलेखन, मग एखाद्या वाक्याला संदर्भ जोडणं. चर्चा पानावर मोठी माणसं कशी वाद घालतात तेही पोरांना वाचायला द्या, काही छान घालतात, काही नाही. टायपिंगसाठी कंट्रोल आणि एम दाबलं की तिथेच मराठी लिहिता येतं.

घरात एकच फोन असलेली पोरं प्रत्येक बॅचला असतात. बाबा कामावरून आठला येतात, मग फोन हातात. यांच्यासाठी लाइव्ह क्लास आठवड्यात दोनच ठेवा आणि बाकी काम असं की कधीही उघडून करता येईल. माझ्याकडे सगळ्यात चांगल्या कमेंट रात्री साडेनऊला यायच्या, त्या याच पोरांच्या. जे लाइव्हमध्ये तोंड उघडत नाहीत तेही लिहून बोलतात, हे मला आधी माहीतच नव्हतं. आणि ज्यांच्या डेटाचा वांधा त्यांच्यासाठी डॉक ऑफलाइन करून ठेवता येतो, नेट आलं की बदल आपोआप चढतात.

पालकांची परवानगी लेखी घ्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या खालचे सगळे मूलच धरलेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. कायदा सोडा, साधी गोष्ट आहे: सार्वजनिक जागी पूर्ण नाव नाही, शाळेचं नाव नाही, स्वतःचा चेहरा नाही. आम्ही टोपणनावं ठेवली, एकानं तर्री पोहे ठेवलं, राहू दे म्हटलं.

मार्कांचं विचारतात सगळे. एका आईनं मला सरळ विचारलं की चौघांनी मिळून लिहिलं तर माझ्या पोराचं नेमकं कोणतं? मी लॅपटॉप फिरवून तिला व्हर्जन हिस्ट्री दाखवली. तिच्या पोराच्या रंगात पहिल्या दिवशी एक ओळ, चौथ्या दिवशी ती खोडलेली, सहाव्या दिवशी नवीन तीन ओळी, आणि बाजूला कमेंट, "तुझं बरोबर होतं, मी परत जाऊन पाहिलं." मी मार्क यालाच देते. छापून आलेलं शेवटचं पान कितीही देखणं असो, त्याला २० पैकी ५, बाकी १५ बदलांना आणि कमेंटना, आणि स्वतःची चूक दुरुस्त केली असेल तर जास्त. पेपर तपासण्यापेक्षा वेळ दुप्पट लागतो, हे आधीच सांगते. चार-चारचे सात ग्रुप म्हणजे माझा अख्खा रविवार जातो, नवरा चहा आणून देतो आणि काही बोलत नाही.

बॅच संपली की शीट फेकू नका. एक कॉपी काढा, पोरांची नावं आणि ईमेल पुसा आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवा. नव्या बॅचला पहिलं काम तेच: गेल्या वर्षीचं काय आता खोटं झालं ते शोधा. जुन्या शीटमधली ११ नंबरची पाणपोई आता तिथे नाही म्हणतात, मोबाईल कव्हरचा ठेला लागलाय. पण माठ अजून त्याच्याच मागे आहे असं एकीचं म्हणणं आहे, संध्याकाळी सहानंतर जाऊन बघणार आहे.