छोट्या राक्षसांच्या सिनेमाचा दुसरा भाग करताय? मग या चुका टाळा

समजा तुमच्या ग्रुपने एक हॉरर कॉमेडी केली, त्यात गुडघ्याएवढा एक राक्षस होता, लोकांना तो जाम आवडला, आता सगळे 'पार्ट टू कधी' म्हणून मागे लागलेत आणि तुमच्या हातात पहिल्यापेक्षा थोडेसेच जास्त पैसे आहेत. हे लिहितोय ते अशा लोकांसाठी. कारण हे सगळं आधी घडून गेलंय. १९८४ ला अमेरिकेत 'ग्रेमलिन्स' तुफान चालला आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत कमी पैशातल्या छोट्या राक्षसांची रांगच लागली, 'क्रिटर्स' (अंतराळातून आलेले केसाळ, दातेरी प्राणी), 'घूलीज' (काळ्या जादूतून आलेली छोटी भुतं), 'पपेट मास्टर' (जिवंत होणाऱ्या बाहुल्या), 'लेप्रेकॉन' (आयरिश लोककथेतला बुटका), आणि प्रत्येकाचे तीन-तीन चार-चार भाग निघाले, पपेट मास्टरचे तर डझनाच्या वर गेले. बरेचसे थिएटरला न लागता थेट व्हिडिओ कॅसेटवर यायचे. आपल्याकडे १९९३ चा 'झपाटलेला' आहे आणि वीस वर्षांनी २०१३ ला आलेला 'झपाटलेला २' आहे. मला हा प्रकार मनापासून आवडतो, चांगले भाग आणि फसलेले भाग दोन्ही मी परत परत बघतो, आणि बघून बघून माझं मत एकच झालंय की राक्षस छोटा आहे हेच तुमचं भांडवल, आणि सिक्वेल फसतो तो हे भांडवल कोणीतरी मध्येच विसरतं म्हणून.

राक्षस मोठा करू नका

दुसरा भाग म्हटलं की पहिला विचार येतो की सगळं मोठं करू. लेप्रेकॉनच्या चौथ्या भागात तो बुटका हिरव्या कोटातला माणूस अंतराळात जातो आणि शेवटाकडे त्याला किरण मारून चक्क महाकाय करून टाकलाय. लेप्रेकॉन झालेला वॉरविक डेव्हिस हा कमाल नट आहे, त्याची सगळी गंमत खालून वर बघत धमक्या देण्यात, टेबलाखालून, कपाटातून अचानक येण्यात आहे, आणि त्यालाच उंच केल्यावर उरतो तो मेकअप केलेला एक मोठा माणूस. असे तर हजार सिनेमे आहेत.

आता याच्या उलट 'क्रिटर्स २' बघा, १९८८ चा, मिक गॅरिसचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. तिथेही शेवटी मोठी गोष्ट आहेच, पण ती कशी केलीये बघा, सगळे क्रिटर्स एकमेकांना चिकटून एक प्रचंड गोळा होतात आणि तो गोळा गावातून गडगडत जातो, वाटेत एक माणूस सापडतो, गोळा त्याच्यावरून जातो आणि मागे फक्त सांगाडा राहतो. हा गोळा मोठा आहे पण तो छोट्यांचाच आहे, जवळून बघितलं तर नुसती तोंडं आणि दात. म्हणजे तुम्हाला क्लायमॅक्सला भव्य काहीतरी हवंच असेल तर ते छोट्यांमधूनच तयार होऊ द्या, वेगळा मोठा राक्षस आणू नका. पैसे पण कमी लागतात, पहिल्या भागातली फर आणि दातच परत वापरता येतात.

ज्याच्यासाठी लोक आले त्यालाच बदलू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे आणि गंमत म्हणजे ती पैसे वाचवायला केली जाते. घूलीजची गोष्ट इथे पूर्ण सांगण्यासारखी आहे. १९८५ च्या पहिल्या भागाचं पोस्टर म्हणजे कमोडमधून डोकं वर काढलेलं एक हिरवं पिल्लू, आणि ते पोस्टर इतकं गाजलं की लोक तेच बघायला आले, पण सिनेमात मुख्य कथा एका तरुणाची आणि त्याच्या काळ्या जादूची, घूलीज मधूनमधून दिसतात. दुसऱ्या भागात त्यांनी ही तक्रार नीट ऐकली आणि घूलीजना मध्यभागी आणलं, जॉन कार्ल ब्यूकलरने केलेली रबरी पपेट्स भरपूर दिसतात, आणि कमोडवालं वचन पण एकदाचं पूर्ण केलं. तिसऱ्या भागात ते कॉलेजमध्ये गेले आणि धडाधड बोलायला लागले, तिथेच अर्धी भीती गेली. आणि चौथ्या भागात, १९९४ ला, पपेट्स गेलीच, त्यांच्याजागी मुखवटे आणि ड्रेस घातलेले दोन बुटके कलाकार आले, जे इकडेतिकडे फिरून विनोद करतात. त्या कलाकारांचा यात काहीच दोष नाही, पण बघणाऱ्याला लगेच कळतं की हे ते नाहीत. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की त्याच चौथ्या भागात पहिल्या भागाचा हिरो पीटर लियापिस परत आणलाय, म्हणजे माणूस आणला आणि राक्षस सोडून दिला, जेव्हा लोकांना नेमकं उलटं हवं होतं.

पैसे नसतील तर एकच पपेट ठेवा पण तेच ठेवा, तोच चेहरा, तेच दात, आणि महत्त्वाचं म्हणजे तोच आवाज. झपाटलेलामधला तात्या विंचू म्हटलं की आपल्याला आधी दिलीप प्रभावळकरांचा तो खरखरीत आवाज आठवतो ना, मग रामदास पाध्येंचा बाहुला डोळ्यासमोर येतो. दुसऱ्या भागात लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते, ते २००४ लाच गेले होते, गोष्ट लक्ष्याच्या मुलावर आली, थ्रीडी आलं, कितीतरी बदललं, तरी तो आवाज तोच ठेवल्यामुळे बाहुलीतला माणूस ओळखीचा राहिला. आवाज रेकॉर्ड करायला कॅमेरा लागत नाही, एक बरा माईक आणि गाद्या लावलेली खोली पुरते, त्यामुळे इथे कंजुषी करायचं काही कारणच नाही.

माणसांचं म्हणाल तर एखादा दुय्यम माणूस परत आणा आणि त्याला बदललेला दाखवा. क्रिटर्सच्या पहिल्या चारही भागांत डॉन ओपरचा चार्ली आहे, आधी गावातला दारुडा, दुसऱ्या भागात अंतराळातल्या शिकाऱ्यांबरोबर बंदूक घेऊन फिरणारा. हिरो-हिरॉइन बदलले तरी चालले कारण चार्ली होता.

जागा निवडताना

नवीन भाग म्हणजे नवीन जागा, इथपर्यंत बरोबर आहे, पण जागा अशी हवी की जिथे छोट्या प्राण्याला लपायला फायदा होईल. 'घूलीज २' मध्ये ते जत्रेतल्या बंद पडत आलेल्या भुताच्या घरात शिरतात आणि तिकीट काढून आलेल्या लोकांना वाटतं हे पण शोचाच भाग आहेत, केवढी साधी आणि केवढी भारी कल्पना आहे, कारण लोक स्वतःहून जवळ जातात आणि सेट मुद्दाम खोटा दिसला तरी चालतो. १९९१ चा 'क्रिटर्स ३' (लिओनार्डो डिकॅप्रिओचा पहिला सिनेमा हाच) लॉस एंजेलिसच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये घडतो, पाईप, लाँड्री, किचन, जिने, सगळीकडे त्यांना जागा. आणि लगेच पुढचा चौथा भाग २०४५ सालच्या अंतराळ स्थानकात, लांबच लांब रिकामे कॉरिडॉर, त्यात अँजेला बॅसेट आणि ब्रॅड डुरिफ ('चाइल्ड्स प्ले' या हॉररपटांतल्या चकी बाहुल्याचा आवाज हाच) असे तगडे लोक, पण क्रिटर्स खूप वेळ दिसतच नाहीत आणि दिसले की त्या मोठ्या रिकाम्या जागेत हरवतात. हे दोन्ही भाग एकाच दमात शूट झालेत, दिग्दर्शक वेगळे होते हे खरं, पण मला त्यांच्यातला मुख्य फरक जागेचाच वाटतो.

आपल्याकडे तर अशा जागांची ददात नाही. चाळीचा जिना, लग्नाच्या हॉलचं भटारखाना, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना, नाटकाच्या सामानाचं गोदाम. यातली कुठलीही जागा अंतराळयानापेक्षा स्वस्त आहे आणि तिथे खालून हात घालून पपेट चालवता येतं.

नियम मोडू नका, आणि विसरू तर अजिबात नका

प्रेक्षक नियम लक्षात ठेवतात. तात्या विंचूला भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच तो मरतो हे झपाटलेला बघितलेल्या पोराटोरांना पण पाठ आहे, म्हणून शेवटची झटापट रंगते, कारण बाहुला एवढासा आणि नेम तेवढाच धरायचाय. पपेट मास्टरमध्ये बाहुल्या बनवणारा तूलाँ पहिल्या भागात १९३९ ला स्वतःला संपवतो, आणि तिसरा भाग घडतो १९४१ च्या बर्लिनमध्ये, तिथे तो जिवंत! तो तिसरा भाग तसा मालिकेतला माझा सगळ्यात आवडता आहे, बाहुल्या नाझींच्या मागे लागतात आणि पहिल्यांदाच आपण पूर्ण त्यांच्या बाजूने होतो, म्हणून तर ही तारखेची चूक जास्त टोचते, पडद्यावरची सालाची एक पाटी बदलली असती तर काम झालं असतं. स्क्रिप्ट लिहायला बसायच्या आधी पहिला भाग सगळ्यांनी मिळून बघा आणि नियम, तारखा, कोण मेलं, कुणाला काय माहितीये हे एका कागदावर लिहून सेटवर चिकटवा.

हसू नेमकं कुठून येतं

माणसं घाबरलेलीच हवीत. सगळीच पात्रं जोक मारायला लागली की प्रसंग पोकळ होतो. पहिल्या क्रिटर्समध्ये ते प्राणी आपल्याच भाषेत बोलतात आणि खाली सबटायटल येतं, एक म्हणतो त्यांच्याकडे हत्यारं आहेत, दुसरा म्हणतो मग काय झालं, आणि पुढच्या क्षणाला गोळी लागून त्याच्या चिंधड्या उडतात, मग उरलेल्याच्या तोंडून एक शिवी. बंदूक धरलेली बाई मात्र पूर्ण गंभीर आहे, म्हणून हसू येतं. दुसऱ्या भागात क्रिटर्सची अंडी ईस्टरची अंडी समजून रंगवली जातात आणि ईस्टरच्या सशाचा ड्रेस घातलेला माणूस त्यांच्या तावडीत सापडतो आणि प्रार्थना चालू असताना चर्चची काच फोडून आत येऊन पडतो. त्यात एकही विनोदी वाक्य नाहीये.

पपेट मेलेलं दिसतंय, काय करू

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आधी डोळे तपासा. कोरडे डोळे कॅमेऱ्यात प्लास्टिकचे दिसतात, प्रत्येक शॉटच्या आधी ग्लिसरीनचं बोट फिरवा आणि एक छोटा लाईट असा ठेवा की डोळ्यात चमक पडेल. नजर कुठेय ते बघा, पपेट समोरच्या नटाच्या कानाकडे बघत असेल तर कितीही चांगलं हलवलं तरी खोटंच वाटणार. थांबलेला असताना पण त्याला श्वास द्या, आतला हात किंचित हलता ठेवा.

दुसरं म्हणजे कॅमेरा खाली आणा. सेट जमिनीवर लावला की चालवणाऱ्याला लपायला जागा नसते, म्हणून लेव्हल्स (नाटकातले लाकडी चौथरे) घ्या, एकांकिका करणाऱ्या कुठल्याही ग्रुपकडे मिळतात, त्यावर प्लायवूडला भोकं पाडून फरशी करा आणि चालवणारे खाली बसू द्या. काळा मांजरपाट आणि तंगूस (नायलॉनचा बारीक दोरा) जवळ ठेवाच. हालचाल जड वाटत असेल तर कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी १८-२० फ्रेमला लावून शूट करा, ते नंतर नेहमीच्या २४ च्या वेगाने दाखवलं की प्राणी चपळ होतो, फक्त त्या फ्रेममधल्या माणसाने जरा सावकाश हलायचं. आणि शॉट लवकर कापा, उडी मारली की कट, पडलं की आवाज. क्रिटर्स गडगडत येतात तेव्हा बऱ्याचदा तो नुसता फरचा चेंडू असतो, कोणीतरी ढकललेला.

एवढं करूनही जमत नसेल तर लाईट कमी करण्याआधी समोरच्या नटाशी बोला. नट त्या रबराला खरं मानून घाबरला की नव्वद टक्के काम होतं, आणि रिहर्सलमध्ये चालवणाऱ्याला पूर्ण आवाजात संवाद म्हणायला लावलं की नटाला ते सोपं जातं.

शेवटी आमिष लावण्याआधी

'पपेट मास्टर २' च्या शेवटी एक बाई बाहुलीच्या रूपात जिवंत होते आणि सगळ्या बाहुल्यांना गाडीत घालून लहान मुलांच्या संस्थेकडे निघते, काय जबरदस्त सुरुवात आहे पुढच्या गोष्टीची, आणि तिसरा भाग सरळ भूतकाळात गेला, त्या गाडीचं पुढे काय झालं ते कोणी दाखवलंच नाही. पुढचा भाग लिहून तयार असेल तरच असा शॉट घ्या. क्रिटर्सवाल्यांनी तिसऱ्याच्या शेवटी अंडी आणि चार्लीला लटकवून ठेवलं ते चाललं, कारण चौथा भाग त्याच वेळी होत होता.

आणि शूटिंग संपलं की पपेट पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. फोम लॅटेक्स (पपेटचं स्पंजासारखं रबर) उन्हाने आणि दमट हवेने चिकट होतं, मग भुगा होतो, मुंबईत आणि कोकणात तर एक पावसाळा पुरतो. जमलं तर सिलिकॉन वापरा, नाहीतर आत कागदाचे बोळे भरून आकार धरून ठेवा, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा, आणि प्लास्टरचे साचे कुठल्याही परिस्थितीत फेकू नका, त्यांच्यावर नाव-तारीख टाकून ठेवा. पपेट गेलं तरी साच्यातून तोच चेहरा परत काढता येतो.