तानसेन समारोहाला येताय? मग एक दुपार बाड्यावर काढा

डिसेंबरात तानसेन समारोहासाठी, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या महोत्सवासाठी, ग्वाल्हेरला येणारी पाहुणेमंडळी बहुतेक काय करतात, तर सकाळी किल्ला, दुपारी जयविलास राजवाडा, संध्याकाळी मैफल आणि रात्रीची गाडी. आमचा महाराज बाडा राहूनच जातो. तर थोडं प्लॅनिंग सांगतो, बघा पटतंय का.

बाडा म्हणजे लष्करचा मुख्य चौक, कागदोपत्री जयाजी चौक, पण रिक्षावाल्याला बाडाच सांगा. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली, ती छावणी काही उठलीच नाही आणि तिचंच हे लष्कर शहर झालं, म्हणून तर फालका बाजार, चिटणीस की गोठ अशी नावं अजून ऐकू येतात, अर्धी मराठी अर्धी हिंदी, आमच्या बोलण्यासारखीच.

स्वतःची गाडी घेऊन बाड्यापर्यंत घुसू नका. जवळ कुठेतरी पार्क करा नाहीतर सरळ ई-रिक्षा घ्या. साडेतीन-चारला पोचलात तर ऊनही मस्त असतं. पहिल्यांदा मधल्या महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून एक गोल चक्कर मारा, नुसती मान वळवत. टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, पोस्ट ऑफिस, स्टेट बँक, जुना सरकारी छापखाना, एकेक इमारत वेगळ्या धाटणीची, कुठे युरोपातले खांब तर कुठे आपल्याकडच्या कमानी. व्हिक्टोरिया मार्केट मध्यंतरी आगीत जळालं होतं, ते दुरुस्त केलं आणि २०२४ च्या डिसेंबरपासून तिथे भूविज्ञान संग्रहालय आहे, मुलं बरोबर असतील तर आवर्जून जा. मग गोरखी या जुन्या वाड्याकडे वळा, जयविलास बांधायच्या आधी शिंदे घराणं तिथेच राहायचं. खाली फुटपाथवर स्वेटर-मोज्यांचा बाजार भरलेला असतो त्याला नाकं मुरडू नका, संध्याकाळी तेच लागणार आहेत!

भूक लागली की नया बाजारात बहादुराचे लाडू, आणि थंडीत गजक, म्हणजे तिळाची वडी, घ्यायचीच. बेडई, म्हणजे डाळीचं सारण भरलेली पुरी, मात्र सकाळची चीज आहे, दुपारी शोधत बसू नका. वेळ उरला तर जिवाजीगंजात सरोद घर आहे, उस्ताद हाफिज अली खाँसाहेबांचं वडिलोपार्जित घर, आता वाद्यांचं म्युझियम.

आता मैफल. समारोह हजीरा भागात भरतो, सूफी संत मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात, आणि ते बाड्यापासून बरंच लांब, स्टेशनच्याही पलीकडे, म्हणून बाड्यावरून पाचच्या आतच निघा. उजेड असेपर्यंत मकबऱ्याच्या दगडी जाळ्या बघून घ्या, शेजारीच तानसेनची समाधी, इतकी साधी की काही लोक लक्ष न देता पुढे जातात. तिथलं चिंचेचं झाड पण बघा, त्याचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. (मी खाल्लाय, शेजाऱ्यांचं मत फारसं बदललं नाही.)

प्रवेश फुकट असतो. तारखा दरवर्षी थोड्या बदलतात, त्या बघूनच तिकिटं काढा. मंडप असला तरी शेवटी ती उघड्यावरची थंडी आहे, पुण्याच्या हिशोबाने एक स्वेटर आणलात तर दुसऱ्या रागापर्यंतच टिकाल, शाल, कानटोपी, जाड मोजे सगळं हवं. परतीची रिक्षा आधीच ठरवा, रात्री उशिरा मिळेलच असं नाही. धुक्यात गाड्या खूप लेट होतात, तेव्हा परतीचं रिझर्वेशन दुसऱ्या दिवशीचं दुपारचं ठेवा.

आणि एक, संध्याकाळच्या मोठ्या नावांसाठी सगळेच येतात पण पहिल्या दिवशीची सकाळ चुकवू नका. समाधीपाशी सनई, ढोलीबुवांची हरिकथा आणि लगेच मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गायन, हे एकाच जागी दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार? गर्दीही कमी.

शेवटच्या दिवशी सकाळची सभा बेहटला होते, तानसेनच्या जन्मगावी, शहरापासून चाळीसेक किलोमीटर, गाडी करूनच जावं लागतं. ती जमली नाही तर संध्याकाळची गुजरी महालची तरी धरा, किल्ल्याच्या पायथ्याशीच आहे. तिथल्या म्युझियममधली ग्यारसपूरची शालभंजिका, स्त्रीची प्रसिद्ध दगडी मूर्ती, मात्र दिवसाच जाऊन बघा, सोमवार सोडून.